‘किती जणांनी येशूला स्वीकारले?’ याआधी विचारण्यासारखे बरेच काही आहे
(परदेशी मिशन दौरे पाठवणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांना खुले पत्र)

प्रति,
परदेशात अल्पकालीन मिशन दौरे पाठवणाऱ्या मंडळ्यांचे पाळक, वडील आणि मिशन समित्यांचे सभासद यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

पुढच्या दौऱ्याची तयारी तुमच्यापैकी अनेकांकडे सुरू झाली असेल. नावे मागवली जातील, दानार्पणाचे आवाहन होईल, सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट छापायला जातील. ते सगळे ठरून जाण्याआधी हे पत्र तुमच्या वाचनात यावे म्हणून घाईने लिहीत आहे. अशाच एका दौऱ्यावर मी जाऊन आले. दौरे बंद करा, असे माझे म्हणणे नाही. त्या थोड्या दिवसांत माझ्या विश्वासाला जे मिळाले ते एरवी कुठे मिळाले असते, मला माहीत नाही. पण ते मिळाले त्याचा आमच्या माहितीपत्रकात छापलेल्या उद्देशांशी फारसा संबंध नव्हता. आम्हाला द्यायला पाठवले होते. आम्ही शिकलो ते घेताना. आणि परत आल्यावर त्याबद्दल आम्हाला कोणी विचारलेच नाही.

देशाचे नाव लिहीत नाही. तिथल्या पाळकांची तशी विनंती आहे आणि ती रास्त आहे.

परतल्यावरच्या रविवारी काय होते ते तुम्हाला माहीत आहेच. पडद्यावर फोटो, एक-दोन साक्षी, मग उपासना संपल्यावर दारात प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो: किती जणांनी येशूला स्वीकारले? विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याने पैसे दिलेले असतात, प्रार्थना केलेली असते, काही झाले की नाही हे त्याला जाणून घ्यायचे असते. पण या प्रश्नाने टीममधल्या तरुणांवर काय वेळ येते ते पाहा. ज्या भाषेतला एक शब्द त्यांना येत नव्हता, त्या भाषेत दुभाष्यामार्फत झालेल्या सभेत किती हात वर झाले, ते त्यांना मोजावे लागते. ते हात तिथल्या मंडळीतल्या जुन्या सभासदांचे होते का, पाहुण्यांचा मान राखायला वर आलेले होते का, हे विचारण्याची सोय नसते.

इंग्लंडचे मिशनरी विल्यम केरी 1793 मध्ये बंगालला पोहोचले आणि पहिला बंगाली बाप्तिस्मा, कृष्ण पाल यांचा, त्यांना 1800 च्या डिसेंबरात पाहायला मिळाला. अमेरिकेचे मिशनरी अ‍ॅडोनिराम जडसन 1813 मध्ये ब्रह्मदेशात रंगूनला उतरले. त्यांच्याकडचा पहिला बाप्तिस्मा 1819 चा. सहा-सात वर्षे हे लोक भाषा शिकत होते, आजारी पडत होते, घरातली माणसे गमावत होते. आपल्या पद्धतीचा वार्षिक अहवाल त्यांना लिहायला लावला असता, तर दुसऱ्याच वर्षी समितीने हात आखडता घेतला असता. त्यांच्या वेळीही कुरकुर करणारे होतेच, तो भाग वेगळा.

शास्त्रात अल्पकालीन दौऱ्याचा दाखला शोधायचा, तर मला सर्वांत जवळचा वाटतो तो येशूचा शिष्य पेत्र याचा यापोहून कैसरियाला झालेला प्रवास, प्रेषितांची कृत्ये अध्याय 10. दोन्ही गावे एकाच किनाऱ्यावर, म्हणजे समुद्र ओलांडण्याचा प्रश्न नाही. पण पेत्र यहूदी, आणि त्याच्या दृष्टीने कर्नेल्य या परराष्ट्रीय रोमी शताधिपतीच्या घराचा उंबरठा कुठल्याही समुद्रापेक्षा रुंद होता. तो तिथे गेला, बोलला आणि लोकांच्या आग्रहाखातर थोडे दिवस राहिला. आपण हा अध्याय कर्नेल्याच्या तारणाची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण तोंड उघडल्याबरोबर पेत्र जे पहिले वाक्य बोलतो ते त्याच्या स्वतःच्या समजुतीविषयी आहे. देव पक्षपाती नाही, हे आता मला खरोखर कळले, असे तो म्हणतो. इतकी वर्षे प्रभूबरोबर चाललेला माणूस एका परक्याच्या घरात उभा राहून म्हणतो की हे मला आता कळले. कर्नेल्याला देवदूताचे दर्शन आधीच झालेले होते, त्याच्या प्रार्थना आधीच देवापर्यंत पोहोचलेल्या होत्या. पेत्र पोहोचण्याआधी देव त्या घरात पोहोचलेला होता.

आता पुढचा, अकरावा अध्याय वाचा. तो मला खास तुमच्यासाठी लिहिल्यासारखा वाटतो, कारण ती अहवालाची बैठक आहे. पेत्र यरुशलेमेला परततो आणि मंडळीतले लोक त्याला पहिला प्रश्न काय विचारतात? तू त्यांच्या घरी गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास, हे कसे? म्हणजे चुकीचा प्रश्न विचारण्याची परंपरा मंडळीइतकीच जुनी आहे. पण त्या लोकांचे एक मानले पाहिजे. पेत्राने सगळे क्रमाने सांगितले, आपल्याला पडलेल्या शंकांसकट, आणि त्यांनी ते ऐकून घेतले. मग ते गप्प झाले आणि त्यांनी देवाचे गौरव केले. एका माणसाच्या शिकण्याने सगळी मंडळी शिकली, कारण बैठकीत शिकण्याला जागा होती. आपल्या अहवालाला वेळ मिळतो तो जाहिराती आणि शेवटचे गीत यांच्यामध्ये.

ती जागा मिळाली असती तर आम्ही काय सांगितले असते? एक गोष्ट तरी सांगते.

तिथली मंडळी रोज पहाटे प्रार्थनेला जमते. आम्ही आलो म्हणून त्यांनी वेळ बदलली नाही, पाहुण्यांची सोय पाहिली नाही, आणि मला ते फार आवडले. सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात. दुभाषा पहिल्या दिवशी थोडा वेळ आमच्या कानाशी कुजबुजला, मग थांबला, कारण तो स्वतःच प्रार्थनेला लागला होता. शब्द कळत नसलेल्या त्या आवाजात आम्ही उभे. मी प्रार्थना करू लागले तर आपले नेहमीचे ठरलेले शब्द तोंडातून निघेनात. ते शब्द आजवर शेजारच्या माणसासाठीच म्हणत होते की काय, असे वाटून गेले. इथे शेजारच्याला माझे काही कळणार नव्हते.

त्यांच्याकडे एक वही आहे, जाड पुठ्ठ्याची, कडा मळलेली. डाव्या बाजूला प्रार्थनेचा विषय आणि तो लिहिल्याची तारीख. उजवी बाजू उत्तराच्या तारखेसाठी कोरी ठेवलेली. एक वयस्कर बाई ती सांभाळतात. त्यांनी आमच्या टीमप्रमुखाचा हात धरून विचारले, तुमच्यासाठी काय मागू? आम्ही गोंधळलो. त्यांच्यासाठी काय मागायचे याची यादी आम्ही निघण्याआधीच छापून आणली होती. आमच्यासाठी कोणी काही मागेल हे कोणाच्या डोक्यातच नव्हते. कोणीतरी म्हणाले, प्रवास सुखरूप होऊ दे. बाई हसल्या. दुभाष्याने सांगितले, त्या म्हणताहेत की तुम्ही तर येऊन पोहोचलात, आता खरे सांगा. मग आमच्यातला एक मुलगा, जो दौऱ्यात सर्वांत जास्त विनोद करत असे, तो खाली बघत घरातली एक गोष्ट बोलला. वर्षानुवर्षे ज्या मुलाबरोबर आम्ही उपासनेला बसतो, त्याच्या घरचे हे दुखणे आम्हाला एका परक्या देशात दुभाष्याच्या समोर कळले. बाईंनी ते लिहून घेतले. तारीख घातली.

मी ती वही पुढे हातात घेऊन पाहिली. अक्षर वाचता येत नव्हते, पण तारखा वाचता येत होत्या. उजव्या बाजूला कितीतरी ओळी कोऱ्याच. काहींना वर्षे उलटून गेलेली. त्या ओळी वगळल्या जात नाहीत, रोज पुन्हा वाचल्या जातात. मी पाळकांना विचारले की इतक्या वर्षांत उत्तर नाही, तर लोक खचत नाहीत का? ते म्हणाले, खचतात, म्हणून तर मिळून वाचतो. एवढेच म्हणाले आणि खुर्च्या उचलायला गेले. आपल्याकडे प्रार्थनेचे विषय मोबाइलच्या ग्रुपवर येतात, खाली जोडलेल्या हातांची चित्रे पडतात, आणि तिसऱ्या दिवशी तो निरोप दुसऱ्या निरोपांखाली जातो. त्या माणसाला पुढे काय झाले हे कोण विचारतो? विश्वास म्हणजे उत्तर मिळाल्याची साक्ष, असे आम्हाला लहानपणापासून ऐकून ऐकून वाटत होते. उत्तर नसताना रोज त्याच ओळीपाशी परत येणारी माणसे आम्ही तिथे पाहिली. कुणाच्याही प्रवचनापेक्षा हे माझ्यात जास्त खोल गेले. पण पडद्यावर दाखवायला याचा फोटो नाही.

दुसरी गोष्ट घेण्याची. निघायच्या आदल्या उपासनेत त्यांनी दानार्पण गोळा केले आणि पाकीट आमच्या हाती दिले, तुमच्या मंडळीसाठी म्हणून. त्या लोकांची परिस्थिती आम्ही पाहिली होती. आमच्यातल्या एकाने पाकीट हळूच परत करायचा प्रयत्न केला. पाळकांचा चेहरा बदलला. नम्रपणे, पण ठामपणे त्यांनी ते पुन्हा आमच्या हातात ठेवले. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात, प्रेषित पौल मासेदोनियातल्या मंडळ्यांबद्दल हेच लिहितो. कमालीच्या दारिद्र्यात असताना त्यांनी शक्तीबाहेर दिले, आणि देऊ द्यावे म्हणून आर्जव केले. आपण हा भाग दशांशाच्या, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याच्या, प्रवचनात वापरतो. देऊ द्या म्हणून आर्जव करणाऱ्यासमोर घेणाऱ्याने कसे उभे राहायचे, हे कोणी शिकवत नाही. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूने त्या सत्तर जणांना पाठवले तेव्हा थैली नेऊ नका, झोळी नेऊ नका असे बजावले, ते काही सामान हलके व्हावे म्हणून नाही. दुसऱ्याच्या दारात गरजू होऊन उभे राहावे लागावे म्हणून. आम्ही मात्र वजनाची मर्यादा गाठेपर्यंत बॅगा भरून नेल्या होत्या. कशाचीच गरज पडू नये अशी ती तयारी होती, आणि कशाचीच गरज नसलेल्या माणसाला पाहुणा होता येत नाही.

एडिनबरोला 1910 मध्ये जगभरातल्या मिशन संस्थांची परिषद झाली. तिथे जमलेले बहुतेक लोक युरोप-अमेरिकेतले. त्यांच्यापुढे व्ही. एस. अझरिया हे तमिळ गृहस्थ उभे राहिले, जे दोन वर्षांनी आजच्या तेलंगणातल्या डोर्नाकलचे बिशप आणि अँग्लिकन मंडळीतले पहिले भारतीय बिशप झाले. मिशनऱ्यांनी आपली संपत्ती दिली, शरीरेही दिली, हे त्यांनी मान्य केले. मग म्हणाले, आम्ही प्रीतीही मागतो, आम्हाला मित्र द्या. सभेत अनेकांना ते झोंबले. शंभराहून जास्त वर्षे झाली. आता आपणही पाठवणाऱ्यांच्या रांगेत आलो आहोत, आणि अझरियांचे बोट आपल्याकडे वळले आहे, एवढाच फरक.

आता पैशाचे बोलू, कारण समितीत शेवटी गाडी तिथेच येते.

1998 मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरासमध्ये हाहाकार केला, तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या मंडळ्यांच्या टीम घरे बांधायला गेल्या. कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञाने पुढे त्याचा अभ्यास केला. विमानभाडे वगैरे धरून अशा एका टीमचा खर्च सुमारे 30,000 डॉलर. तसेच घर स्थानिक संस्था सुमारे 2,000 डॉलरमध्ये बांधून देत होत्या. बरे, दौऱ्यावर गेलेल्यांच्या दानात, प्रार्थनेत, पुढच्या आयुष्यात तरी मोठा बदल झाला का? तोही फारसा दिसला नाही. हे वाचून एक सरळ निष्कर्ष निघतो, की तेवढे पैसे पाठवून द्यावेत आणि घरी बसावे. मला तो पटत नाही. 1971 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे नेते जॉन गाटू यांनी परदेशी मिशनरी काही काळ थांबवा असे जाहीरपणे म्हटले, तेव्हा त्यांनी माणसांबरोबर पैसेही थांबवायला सांगितले होते. नुसता पैसा पाठवला की नाते बरोबरीचे होते असे नाही. उलट न भेटता पाठवलेला पैसा जास्त हुकूम गाजवतो.

म्हणून माझी मागणी वेगळी आहे. दौरा पाठवा, पण त्याला त्याच्या खऱ्या नावाने पाठवा. हा आपल्या तरुणांच्या शिक्षणाचा खर्च आहे. अंदाजपत्रकात तो शिक्षणाखाली दाखवा, सुवार्ताप्रसाराखाली नको. ज्या विधवा आजी मिशनच्या पेटीत नोट टाकतात, त्यांना ती कशासाठी जाते हे कळू द्या. कदाचित त्या तरीही देतील; कदाचित जास्त देतील. आणि शिक्षण म्हटले की मग तयारीही तशी होईल. नाटुकल्यांची तालीम कमी, भाषेचे धडे जास्त. तिथल्या मंडळीचा इतिहास वाचला जाईल. भिंत रंगवायची हौस असेल तर ज्याला रंगवता येते त्याच्या हाताखाली राहून रंगवली जाईल. आम्ही तिथे ज्या बांधकामात हात लावला, त्याचा मुख्य गवंडी तिथला होता. आम्ही जेवायला गेलो की तो आमच्या विटांची ओळ दोरी लावून तपासत असे आणि गुपचूप सरळ करत असे. त्याला सांगून आम्ही त्याचे मदतनीस झालो तेव्हा काम नीट झाले, आणि तो आमच्याशी बोलूही लागला.

दोन बाबतींत मात्र मी विनंती करत नाही, आग्रह धरते. पहिली, अनाथाश्रमाच्या भेटी. मुलांना कडेवर घेऊन काढलेले फोटो आपल्या सादरीकरणात सर्वांत जास्त टाळ्या घेतात. पण दर काही आठवड्यांनी नवी माणसे येतात, लळा लावतात आणि निघून जातात, याचा त्या मुलांवर काय परिणाम होतो? अनेक देशांत अशा संस्थांमधल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या देणग्या येत राहाव्यात म्हणून मुले घरातून आणली जातात, असेही उघड झाले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 2019 मध्ये बालहक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्यांचा स्पष्ट उल्लेख केला. मंडळीने हे जगाच्या आधी ओळखायला हवे होते. हा कार्यक्रम दौऱ्यातून काढून टाका. दुसरी बाब व्हिसा. पर्यटकाच्या व्हिसावर कितीतरी देशांत धार्मिक प्रचाराला परवानगी नसते. अर्जावर ‘पर्यटन’ लिहायचे आणि विमानतळावर बॅगेतली पत्रके लपवायची, हे तरुणांना विश्वासाचे साहस म्हणून शिकवले जाते. खोटे आहे ते. आणि पकडले गेल्यास आपण परत पाठवले जातो, भोगतात तिथले बंधुभगिनी. ज्या कामाला परवानगी आहे तेवढेच करा, आणि ते नेमके काय हे निघण्याआधी लेखी विचारून घ्या.

शेवटचे मागणे परत जाण्याचे. पौल आपला सहकारी बर्णबा याला म्हणतो, ज्या ज्या नगरात आपण वचन सांगितले तिथे पुन्हा जाऊन बंधुजनांचे कसे चालले आहे ते पाहू या. दर वर्षी नवा देश निवडण्याची हौस सोडा. एकच मंडळी धरून ठेवा. आणि त्यांनाही इकडे बोलवा. त्यांचा व्हिसा आपल्यापेक्षा कठीण असेल, कागदपत्रे जास्त लागतील, नकारही येईल. मिशनच्या पैशाचा यापेक्षा चांगला उपयोग मला तरी दिसत नाही. रोमकरांस पत्राच्या सुरुवातीलाच पौल म्हणतो की तुम्हाला भेटायची मला उत्कंठा आहे, आणि लगेच स्वतःला सावरून सांगतो की तुमच्या आणि माझ्या विश्वासाने आपल्याला एकमेकांपासून उत्तेजन मिळावे म्हणून. पौलासारख्या माणसाला त्या मंडळीपासून काही मिळवायचे होते, जिला तो अजून भेटलाही नव्हता. त्यांच्या पाळकांना आपल्या व्यासपीठावर पूर्ण प्रवचनाचा वेळ द्या. पाच मिनिटांच्या शुभेच्छा नकोत.

तुमच्या समितीची बैठक कधी आहे ते कळवलेत, तर आमच्यातले दोघे-तिघे यायला तयार आहेत. पडदा आणि प्रोजेक्टर लागणार नाही, पण किमान तासभर वेळ ठेवा. आणि शक्य असल्यास त्याआधी तिथल्या पाळकांना एक पत्र पाठवून विचारा, की आमची टीम येऊन गेली, तुम्हाला त्याचे काय वाटले? त्यांचे उत्तर आमच्या अहवालाच्या आधी वाचले जावे. त्यात आमच्याबद्दल काही कडू असले तरी वगळू नये.

ख्रिस्तात आपली भगिनी,
दौऱ्यावर जाऊन आलेली एक सभासद